नज्मियाच्या डब्यातली माती

आमच्या शाळेत भिंतीवर सरकारी कॅलेंडर होतं, पण ते कुणी बघत नसे. कुणाचा सण कधी, कुणाचा उपास चालू आहे, आज कुठल्या वर्गात काय वाटायचं नाही, हे विचारायचं असलं की सगळे नज्मियाकडे जायचे. नज्मिया आमची शिपाई. लिहिता-वाचता येत नाही, सही म्हणून अंगठा. पण चालतं-बोलतं पंचांग.

"बाई, दुसरीतल्या पोरांना लेट्यूसची पानं नका देऊ हं, निम्मे यझिदी आहेत, त्यांना चालत नाही," ती जाता जाता सांगायची. किंवा, "ख्रिस्त्यांचा मोठा उपास लागलाय, अंडं-दूध ठेवा बाजूला. आणि तुम्ही स्वतः ख्रिस्ती असून ते बिस्किट खाताय, त्यात दूध आहे." हे ती मला, शमूनी बाईला, तिसरीच्या वर्गशिक्षिकेला, सगळ्या वर्गासमोर सांगायची. मी बिस्किट परत पुड्यात ठेवायचे आणि मनातल्या मनात तिला चार शिव्या द्यायचे.

ती शबक. इराकात मोसुलजवळ आमचं बाशिका गाव, त्याच्या खालच्या अंगाला शबक मुसलमानांची वस्ती आहे, तिथली. तिचा नवरा फलाह शाळेचा पहारेकरी होता. तो गेला तेव्हा तिचं वय सत्तावीस, कडेवर अब्बास. नवऱ्याच्या जागी तिला घेतलं, त्याला एकोणतीस वर्षं झाली. मुलं तिला खाला म्हणायची, मावशी. आम्ही मोठे अब्बासची आई म्हणायचो. ती मुहर्रममध्ये घरून हरिसा आणायची, गहू आणि मटण रात्रभर घोटलेलं, आणि एकाच पातेल्यातून तिन्ही धर्मांची पोरं बोटं चाटत खायची. ईस्टरची अंडी कांद्याच्या सालीत तिच्यासारखी कुणी रंगवत नसे. आणि यझिदींच्या नव्या वर्षाला, लाल बुधवारी, शाळेच्या दारावर जी रानफुलं आणि अंड्यांची रंगीत टरफलं लावायची, त्यासाठीची माती तीच साठवून ठेवायची.

या मातीची गोष्ट आधी सांगायला हवी. नीसान, म्हणजे एप्रिल महिना, ही वर्षाची नवरी. नीसानात यझिदी लग्न करत नाहीत, आणि जमिनीला कुदळ लावत नाहीत. जमीन तेव्हा पोटुशी असते. आता दारावर टरफलं चिकटवायची तर ओली माती हवी, आणि माती तर खणायची नाही. घरोघरी लोक आधीच थोडी आणून ठेवतात. शाळेसाठी हे काम नज्मिया करायची. मार्च संपायच्या आत ती ओढ्याकाठची चिकणमाती तुपाच्या मोठ्या डब्यात भरायची, वर ओलं गोणपाट घालायची आणि डबा जिन्याखाली ठेवायची. रोज सकाळी गोणपाटावर ओंजळभर पाणी मारायची. मी तिला चिडवायचे, "अब्बासची आई, माणसं मोगरा लावतात, तू चिखल पाळतेस." ती म्हणायची, "मोगरा भिंतीला चिकटतो का?"

दोन हजार चौदाच्या ऑगस्टमध्ये आयसिसचे काळे झेंडेवाले आले आणि आम्ही सगळे पळालो. शबक, यझिदी, ख्रिस्ती, सगळे एकाच रस्त्याने. अब्बास बावीस वर्षांचा होता. आईला एका ट्रकवर चढवून तो म्हाताऱ्या शेजाऱ्याला आणायला मागे फिरला. तो परत आला नाही. कुणी म्हणालं नाक्यावर उतरवून नेलं, कुणी म्हणालं मोसुलच्या तुरुंगात दिसला. प्रेत मिळालं नाही, कागद मिळाला नाही. नज्मियाने त्याच्यासाठी ना कुराण पढवलं, ना काळं घातलं, ना त्याच्या नावानं भाकरी वाटली. "मेला नाही त्याच्या नावानं कशाला वाटायचं?" एवढंच एकदा बोलली. तेव्हापासून तिच्यासमोर अब्बासचा विषय कुणी काढत नसे. आम्ही तिला अब्बासची आई म्हणत राहिलो आणि अब्बासबद्दल एक अक्षर बोललो नाही. आठ वर्षं.

शाळेत परत आलो तेव्हा भिंती काजळलेल्या, बाकं जळलेली. पहिली आली ती नज्मिया, हातात झाडू. नंतर सिंजारकडची यझिदी कुटुंबंही आमच्या गावात राहायला आली, ज्यांना मागे जायला काही उरलं नव्हतं. त्यातली एक जरीफे. तिची मुलगी नालीन माझ्या वर्गात. जरीफे कुणाशी बोलत नसे. रोज सकाळी मुलीचा हात धरून यायची, फाटकाशी सोडायची, आणि दुपारी सुटायच्या अर्धा तास आधीपासून तिथंच उभी असायची. नालीनचा मोठा भाऊ खुदेदा सात वर्षांचा असताना गेला, एवढं मला शाळेच्या फॉर्मवरून माहीत होतं. कसा, ते फॉर्मवर नव्हतं. सिंजारच्या ज्या खड्ड्यांत काळ्या झेंडेवाल्यांनी माणसं पुरली, त्यातले कितीतरी अजून उघडलेले नाहीत.

तर दोन हजार बावीसच्या एप्रिलमध्ये रमजान, ईस्टर आणि लाल बुधवार एकाच आठवड्यात आले. नज्मिया खुशीत होती. "एकदम तिघांची कामं उरकतील," ती म्हणाली. तिचे रोजे चालू होते, ओठ सुकलेले, पण पायाला चाकं.

आमचे हेडमास्तर गस्सान उस्ताद त्या वर्षी नवे आले होते. मोसुल शहरातले, ख्रिस्ती, म्हणजे माझेच जातभाई, म्हणून मी जास्त बोलू नये, पण बोलते. माणूस वाईट नाही, फक्त फोटोचा भुकेला. एका मदत संस्थेनं ऑलिव्हची तीस रोपं पाठवतो म्हटल्यावर त्यांनी तारीखबिरीख न बघता हो म्हणून टाकलं. रोपं आली शनिवारी, सुट्टीच्या दिवशी. यझिदींच्या जुन्या गणनेनं नीसान लागून तेव्हा दोन दिवस झाले होते. संस्थेच्या माणसांनी शाळेच्या आवारात तीस खड्डे खणून रोपं नुसती आत उभी केली, उस्तादांनी फोनवर फोटो काढले, आणि सगळे जेवायला गेले. रविवार ईस्टरचा. शाळा बंद.

सोमवारी पहाटे फाटक उघडायला आलेल्या नज्मियाने ते खड्डे पाहिले. मला तिनं नंतर नळावर हात धुताना सांगितलं, "बाई, म्हटलं पोरं यायच्या आत बुजवायचे." तिनं एकेक रोप काढून रिकाम्या डब्यांत लावलं आणि गुडघ्यांवर बसून हातांनी माती परत खड्ड्यांत लोटू लागली. फावडं घेतलं नाही. नीसानात जमिनीला लोखंड लावायचं नाही, म्हणून बुजवतानाही लावलं नाही. तिसांतले बावीस बुजवून झाले होते तेव्हा जरीफे नालीनचा हात धरून फाटकातून आत आली.

तिनं काय पाहिलं? आवारभर उकरलेली माती आणि मध्ये कोपरापर्यंत हात घातलेली एक मुसलमान बाई.

"हात काढ!" जरीफे ओरडली. तिचं अरबी मोडकं, पण ते वाक्य अख्ख्या गल्लीला समजलं. "मातीतून हात काढ तुझे!"

"ताई, मी खणत नाहीये, मी तर—"

"मी तुझी ताई नाही! आमच्या महिन्यात, आमच्या सणाच्या तोंडावर? एवढं करून पोट भरलं नाही का तुमचं?"

नज्मिया उठून उभी राहिली. हातांवरून माती गळत होती. मी तोवर धावत पोचले होते. वाटलं, आता ती सांगेल. एक वाक्य पुरे होतं. पण 'तुमचं' हा शब्द कानावर पडला आणि तिचा चेहरा मिटला. तिनं हात झग्याला पुसले आणि खड्ड्यांपासून बाजूला झाली.

नालीनच्या हातात ईस्टरचं उरलेलं लाल अंडं होतं. सोमवारी ख्रिस्ती पोरं उरलेली अंडी शाळेत आणतात आणि नज्मिया ती फाटकाशी सगळ्यांना वाटते; त्या दिवशी आधी आलेल्या पोरांची अंडी तिनं फाटकाशी टोपलीत ठेवली होती, त्यातलंच एक नालीननं येताना उचललं होतं. जरीफेनं मुलीच्या मुठीतून ते काढून घेतलं आणि कुंपणाच्या भिंतीवर ठेवलं. फेकलं नाही. अन्न होतं ना.

"या बाईच्या हातचं तू काही खायचं नाहीस," ती मुलीला म्हणाली. "कधीच नाही. कळलं?"

नालीननं मान हलवली. आणि मी, जी वर्गात पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारते, मी काय केलं? घंटा झाली म्हणून वर्गावर गेले.

दुपारपर्यंत आवारात चाळीसेक यझिदी आई-बाप जमले. कुणी आरडाओरडा केला नाही, ते जास्त वाईट होतं. त्यांचं म्हणणं साधं होतं: ज्या शाळेत नीसानात जमीन खणतात तिथं आम्ही पोरं ठेवायची की नाही ते ठरवू. आणि बुधवारी दाराला त्या बाईचा हात लागला, तर ठरवायचीही गरज नाही, दाखले काढून नेऊ.

गस्सान उस्तादांनी शिक्षकांची बैठक घेतली. दार लावून.

"कुणीतरी खणलं हे दुर्दैवी आहे," ते म्हणाले. कुणीतरी! मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते टेबलावरच्या पेनाकडे बघत होते. "पण आता वातावरण शांत करायला हवं. नज्मियाला आपण पुढच्या आठवड्यापर्यंत रजा देऊ. तिच्याच भल्यासाठी."

"तिनं खड्डे बुजवलेत, उस्ताद," एवढं वाक्य माझ्या जिभेवर होतं. माझी मुलगी अर्बिलला असते, तिथं बदलीसाठी मी अर्ज केला होता आणि तो उस्तादांच्या सहीवाचून त्यांच्याच खणात पडला होता. मी मूग गिळून बसले. लाज वाटली, तरी बसले.

उस्तादांनी तिला बोलावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "आठ खड्डे राहिलेत. ते हातानं बुजवा." मग जिन्याखाली गेली, मातीचा डबा काढला, डोक्यावर चुंबळ ठेवून तो चढवला आणि घरी गेली. मी पाठोपाठ फाटकापर्यंत गेले.

"अब्बासची आई, तू बोललीस का नाहीस गं?"

"काय बोलू?"

"तू खणलं नाहीस म्हणून! तुझाही मुलगा त्याच लोकांनी—"

तिनं डोक्यावरचा डबा सावरत माझ्याकडे असं पाहिलं की माझं वाक्य तिथंच अडलं.

"त्या बाईला मी माझं सांगायचं, म्हणजे तिचं कमी होईल?" ती म्हणाली. "आणि बोलायचंच होतं, तर तुम्हाला तोंड नव्हतं का, बाई?"

मंगळवारी अंडी आम्हीच रंगवली. म्हणजे रंगवायचा प्रयत्न केला. निम्मी पातेल्यात फुटली, उरलेल्यांना असा रंग चढला की चौथीतला एक मुलगा म्हणाला, "बाई, ही आजारी आहेत का?" पोरं दर दहा मिनिटांनी विचारत होती, खाला कुठं, खाला कुठं. आठ खड्डे तसेच उघडे होते. ते बुजवायला कुणाला सवड झाली नाही. नालीन माझ्या वर्गात खिडकीशी बसायची. त्या दिवशी तिनं वहीत काही लिहिलं नाही, खिडकीतून त्या उघड्या खड्ड्यांकडे बघत राहिली.

"बाई," तिनं हळूच विचारलं, "खाला खड्डे खणत होती की भरत होती?"

आठ वर्षांची पोर. तिनंही पाहिलंच होतं.

"तू गणित कर," मी म्हणाले.

लाल बुधवारी शाळेला सुट्टी असते. पण आमच्याकडे जुनी रीत, घरची दारं सजवून, कबरींवर जाऊन आले की नऊ वाजता सगळे शाळेच्या दाराशी येतात. नव्या कपड्यांतली यझिदी पोरं, उरलेली अंडी घेऊन ख्रिस्ती, अर्धा दिवस रोजा धरल्याची फुशारकी मारणारी मुसलमान. त्या वर्षी कुणी येईल का अशी धास्ती होती. सगळे आले. बघायला आले म्हणा. मोठी माणसं फाटकापासून दोन हात लांब, हाताची घडी घालून. पोरांच्या हातात लाल रानफुलं, ओंजळीत टरफलं. जरीफे एका बाजूला, पांढऱ्या कपड्यांत, हातात झाकलेली टोपली. त्या दिवशी बायका भाकरी आणि अंडी घेऊन कबरींवर जातात आणि मेलेल्यांचा वाटा भेटेल त्याला देतात. जरीफेची टोपली भरलेलीच होती. तिला या गावात जायला कबर नव्हती. कुठल्याच गावात नव्हती.

पहिलीच्या पोरीनं दारावर टरफल धरलं आणि मागे वळून पाहिलं. "चिखल?"

कुणी हललं नाही. घरोघरी उरलेला चिखल असेल, पण तो आणायला एकाही बाईनं पाऊल उचललं नाही. शाळेनं जमीन उकरली होती, आता शाळेनंच निस्तरावं, असं त्यांच्या चेहऱ्यांवर स्पष्ट लिहिलेलं होतं.

"गोंद आहे माझ्या खोलीत," गस्सान उस्ताद म्हणाले.

एक म्हातारा हसला. ते हसू चांगलं नव्हतं. मग उस्तादांनी जे केलं ते तेच करू जाणोत. ते उघड्या खड्ड्याकडे गेले, वाकले आणि काठावरची माती बोटांनी खरवडू लागले. "ही आहे की माती. थोडं पाणी घातलं की—"

बायकांच्या घोळक्यातून आवाज उठला. एका बापानं आपल्या दोन्ही मुलांचे दंड धरले आणि त्यांना फाटकाबाहेर ओढू लागला. "चला. बास झालं. चला!" त्याच्यामागे दुसरा निघाला. पोरांच्या हातातली फुलं खाली पडू लागली. एकोणतीस वर्षं चाललेली गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत दोन मिनिटांत मोडत होती. मला बदली दिसली, अर्बिल दिसलं, मुलीचं घर दिसलं, आणि तरी माझ्या तोंडून निघून गेलं:

"थांबा! खड्डे उस्तादांनी खणवले. शनिवारी. रोपं लावायला. नज्मिया ते बुजवत होती, हातांनी, आमचं पाप झाकायला. मला सोमवारपासून माहीत आहे. मी बोलले नाही."

गस्सान उस्ताद मातीची बोटं तशीच धरून उभे. त्यांनी नाकारलं नाही, एवढं त्यांच्या बाजूनं सांगते. "मला महिना माहीत नव्हता," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खरा वाटला.

जरीफे माझ्याकडे बघत होती. "खोटं," ती म्हणाली. "आपल्या माणसाला वाचवतेस."

"आपला माणूस, हा उस्ताद, तर मी आत्ताच बुडवला," मी म्हणाले. "इथंच थांब. दहा मिनिटं थांब. मग जा हवं तिथं."

मी पळाले. या वयात, या गुडघ्यांनी, खालच्या वस्तीपर्यंत. नज्मिया अंगणात पालथ्या पातेल्यावर बसली होती. अंगावर ठेवणीतले कपडे. तिलाही सण होता ना. डबा बाजूला, गोणपाट नुकतंच भिजवलेलं.

"चल," मी म्हणाले.

"मला येऊ नको म्हटलंय."

"मी ये म्हणते."

"डबा न्या तुम्ही. माझा हात लागला म्हणून चालणार नसेल तर सांगू नका कुणी भरला ते."

"अब्बासची आई, माझ्यानं हा डबा उचलवणार नाही. एक कडी तू धर, एक मी. भांडण वाटेत करू."

ती उठली. भांडली नाही, बोललीच नाही. दोघी दोन कड्या धरून चढ चढलो. फाटकाशी आलो आणि ती उंबऱ्याबाहेर थांबली, तिथून पुढे एक पाऊल टाकेना. डबा आमच्या दोघींमध्ये. लोक गेले नव्हते. तो बापही दोन्ही पोरांना धरून तिथंच उभा होता.

जरीफे पुढे आली. टोपली एका हातात घेऊन तिनं दुसऱ्या हातानं गोणपाट बाजूला केलं.

डब्यातल्या मातीवर गवत उगवलं होतं. वीतभर लांब, पिवळट पांढरं, उजेड न बघितलेलं. मातीत कुठून आलेलं बी गोणपाटाखाली तीन आठवडे वाढत होतं. जरीफे शेतकऱ्याची मुलगी. तिनं दोन बोटांत एक कोंब धरला, मुळापासून वर ओढला, त्याची लांबी पाहिली. ती माती नीसानातली नव्हती, हे सांगायला तिला कुणाची साक्ष लागली नाही.

"मार्चमधली," ती म्हणाली.

"हो," नज्मिया म्हणाली. "दरवर्षी."

"तू ठेवतेस? आमच्यासाठी?"

"शाळेसाठी."

जरीफेनं कोंब परत मातीत खोवला. मग म्हणाली, "मी तुला माफ केलं असं समजू नको. तू काही केलेलंच नाहीस. ज्यांनी केलं ते इथं नाहीत." आणि फाटकातून बाजूला झाली. "ये. लाव. माझी पोरगी सकाळपासून फूल धरून उभी आहे."

नज्मिया आत आली. गवत उपटून तिनं माती कालवली आणि दाराच्या चौकटीवर पहिला गोळा थापला. मग पोरांना कोण आवरणार. टरफलं, फुलं, माती, नव्या कपड्यांवर डाग, मागून आयांचे ओरडे. गस्सान उस्ताद उघड्या खड्ड्यांशी गुडघ्यांवर बसले आणि हातांनी माती आत लोटू लागले. त्यांचा फोटो कुणी काढला नाही.

गर्दी पांगत आली तेव्हा जरीफे टोपली घेऊन नज्मियापुढे उभी राहिली. कापड उचललं. आत भाकरी, आणि दोन लाल अंडी.

"तुझा रोजा आहे ना?"

"आहे."

"मग संध्याकाळी खा. हा माझ्या खुदेदाचा वाटा आहे. मला न्यायला जागा नाही. तू खाल्लास तर त्याला पोचेल."

नज्मियानं भाकरी आणि एक अंडं दोन्ही हातांनी घेतलं, डोक्याच्या रुमालाच्या टोकात बांधलं. "किती वर्षांचा?"

"सात. गोडघाशा होता. अंडं आवडायचं नाही त्याला." जरीफे हसली की काय कोण जाणे, ओठ तेवढे हलले. मग तिनं दुसरं अंडं उचललं. "तुझं कुणी गेलं असेल तर नाव सांग. आज दिलेलं पोचतं."

जरीफेला अब्बासचं ठाऊक नव्हतं. गावात एवढं एकच माणूस होतं ज्याला ठाऊक नव्हतं, म्हणून ती विचारू शकली. मला मध्ये पडावंसं वाटलं, पण नज्मियानं हात पुढे केला होता. तिनं ते अंडं घेतलं आणि तळहातावर धरलं. आठ वर्षं जे नाव तिनं कुणाला घेऊ दिलं नाही, ते तिनंच घेतलं.

"अब्बास," ती म्हणाली. "फलाहचा मुलगा. बावीस वर्षांचा."

मग तिनं इकडंतिकडं पाहिलं. मेलेल्याचा वाटा आपण ठेवायचा नसतो, जो भेटेल त्याला द्यायचा असतो. समोर नालीन उभी होती, गालाला माती लागलेली. नज्मिया तिच्यापुढे वाकली आणि अंडं धरलं.

"घे बाळा. अब्बासच्या नावानं."

नालीननं हात पुढे केला, आणि मध्येच थांबवला. तिला सोमवार आठवला. तिनं मान वर करून आईकडे पाहिलं.

जरीफेच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही.

"खा," ती म्हणाली.